फायर लूपची वही, वाळूज शेड

१८ फेब्रुवारी

कॉलेजचे सर परत येऊन गेले. त्यांच्याकडे केरोसीनवर चालणारं छोटं टर्बोजेट इंजिन आहे, टेस्ट बेंचवर बसवलेलं, आणि त्याच्याभोवती विमानात असतो तसा फायर डिटेक्शन लूप, म्हणजे आग लागली की अलार्म देणारी सेन्सरची लांब नळी, पाहिजे म्हणतात. अस्सल विमानाचा लूप घ्यायचा तर बजेट बघून सर स्वतःच हसले, शिवाय तो सीलबंद येतो, पोरांना आतलं काही दाखवता येत नाही. दादानं हो म्हणून टाकलं आणि फाईल माझ्या टेबलावर. उडणाऱ्या विमानात हे कधी जाणार नाही हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, त्याला सर्टिफिकेशन लागतं आणि ते आपल्या शेडचं काम नाही, पण बेंचवर का होईना, लूपनं लूपसारखं वागलं पाहिजे.

शेडमध्ये सगळ्यांना वाटतंय काम सोपंय. जालन्याच्या री-रोलिंग मिलच्या भट्ट्यांना आपण थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेले तापमानाचे सेन्सर) देतो, तिथं बिलेट म्हणजे पोलादाचे ठोकळे ११००-१२०० डिग्रीला तापतात, आपले के टाइप थर्मोकपल त्यात महिनोन्‌महिने उभे असतात, मग विमानाच्या आगीचं काय एवढं. वेल्डर मामांचं उलटं, ते म्हणाले, "ताई, इंजिनात तर पंधराशे डिग्री असती म्हणं, तितं आपला पाइप वितळंल की." मग चित्र काढून दाखवलं. सेन्सर गॅसच्या वाटेत नसतोच. टर्बाइनच्या तोंडाशी किती का तापमान असेना, तिथली आग म्हणजे इंजिन नीट चालू आहे. लूप असतो केसिंगच्या बाहेर आणि कव्हरच्या आत, त्या जागेला नॅसेल म्हणतात. तिथून इंधनाच्या, ऑइलच्या, हायड्रॉलिकच्या नळ्या जातात, एखादा जॉइंट पाझरला आणि गरम केसिंगवर थेंब पडले की ती खरी आग. आता तिथं एरवी पण शे-दोनशे डिग्री असतातच, मागच्या बाजूला त्याहून जास्त, सेन्सरनं त्यात गप्प बसायचं आणि आग लागली की लगेच ओरडायचं. भट्टीतल्या थर्मोकपलला असलं काही करावं लागत नाही, तो फक्त आकडा सांगतो, निर्णय माणूस घेतो.

२१ फेब्रुवारी

विमानाच्या भागांच्या आगीच्या टेस्टची स्टँडर्ड वाचली. आयएसओ २६८५ ची टेस्टची ज्योत म्हणजे ११०० डिग्री, ८० इकडे-तिकडे चालते, आणि उष्णतेचा मारा दर चौरस मीटरला ११६ किलोवॅट. आपल्याकडचं मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट पडतं, यावरून काय ते समजा. या ज्योतीत ५ मिनिटं काम करत राहिलं तर त्या वस्तूला फायर रेझिस्टंट म्हणायचं, १५ मिनिटं टिकलं तर फायरप्रूफ. आणि डिटेक्टरचं स्वतःचं वेगळं, ज्योत लागल्यापासून ५ सेकंदांच्या आत अलार्म आला पाहिजे, ज्योत काढली की अलार्म आपोआप गेला पाहिजे, आणि तोच सेन्सर पुन्हा आग ओळखण्यासाठी तयार पाहिजे. हे शेवटचं सगळ्यात त्रासदायक. नाहीतर एक फ्यूज वायर लावली असती आणि दिवाळी आधी काम संपवलं असतं.

अमेरिकेच्या विमानांच्या नियमांत २५.१२०३ म्हणून कलम आहे, त्यात सेन्सर फायर झोनमध्ये, म्हणजे आगीचा धोका असलेल्या भागात, एका जागी तुटला तर वैमानिकाला कळलं पाहिजे, किंवा मग तुटूनही सिस्टिम नीट चालली पाहिजे असं लिहिलंय, शॉर्ट झाला तरी तेच. तेल, पाणी, वाफ, धूर यांनी बिघडायला नको, आणि उडता उडता सर्किट तपासता आलं पाहिजे. वाचताना कळतं की ज्यानं हे लिहिलं त्याला आगीइतकीच खोट्या अलार्मची धास्ती होती. खोटा फायर अलार्म वाजला तर पायलटला चांगलं इंजिन बंद करावं लागतं, आग विझवायची बाटली सोडावी लागते, जवळच्या विमानतळावर उतरावं लागतं. आणि दोन-चारदा असं झालं की पाचव्या वेळी खऱ्या अलार्मकडे पण तो संशयानं बघणार.

२६ फेब्रुवारी

विमानात हे काम करायच्या ज्या तीन रीती आहेत त्या एकदा लिहून काढते, म्हणजे शेडमधल्या लातूरच्या पोराला सारखं सारखं सांगायला नको.

पहिली फेनवॉल कंपनीची. इनकोनेलची (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) बारीक नळी, मधून निकेलची तार, दोघांच्या मधे सिरॅमिकचे मणी आणि त्या मण्यांत मुरवलेलं मीठ. मीठ ठरलेल्या डिग्रीला वितळतं आणि वितळलं की एकदम करंट सोडतं.

दुसरी किडी (Kidde) कंपनीची. नळी तीच पण आत मीठ नाही, थर्मिस्टरचं सिरॅमिक भरलेलं आणि त्यात तारा. तापलं की रेझिस्टन्स हळूहळू कमी होत जातो, कंट्रोल युनिट त्यावर नजर ठेवतं.

तिसरी मला सगळ्यात आवडली, गॅसची. दीड मिलिमीटरच्या आसपासची नळी, त्यात हेलियम भरलेला आणि मधे टायटॅनियम हायड्राइडचा गाभा. सगळी नळी थोडी थोडी तापली तर हेलियमचा दाब वाढून स्विच पडतो, आणि एखादाच तुकडा खूप तापला तर तेवढ्या जागेचा गाभा हायड्रोजन सोडतो, त्यानं पण स्विच पडतो. नळी फुटली तर दाब जातो आणि दुसरा स्विच सांगतो की सेन्सर गेला. थंड झालं की हायड्रोजन परत गाभ्यात शिरतो. एका नळीत एवढं सगळं बसवणाऱ्याला नमस्कार. आपल्याला जमणार नाही, हेलियम भरून कायमचं सील करायची सोय आपल्याकडे नाही.

पोरगा म्हणाला, "काहून थर्मोकपलच लावू नये ताई, आपल्याकडं ढीग पडलेत." बरोबर प्रश्न आहे. जुन्या विमानांत थर्मोकपलचे फायर डिटेक्टर होते सुद्धा. ते तापमान किती यापेक्षा किती झपाट्यानं वाढलं यावर चालायचे, एक जंक्शन उघडं आणि एक झाकलेलं, दोघांत फरक पडला की अलार्म. इंजिन हळूहळू जास्त तापत गेलं तर दोन्ही सोबतच तापणार आणि डिटेक्टर गप्प. शिवाय थर्मोकपल एका टिंबावरचं तापमान सांगतो, आग काही टिंब बघून लागत नाही. म्हणून लांब लूप, इंजिनभोवती फिरवून आणलेला, त्याची प्रत्येक इंच जागा सेन्सर असते.

५ मार्च

नळी किती जाड घ्यायची यावर दादाशी वाद. त्याचं म्हणणं ६ मिलिमीटर घ्या, मजबूत राहील, भट्टीत तेच चालतं. मी कागदावर मांडून दाखवलं. सगळ्या बाजूंनी चौरस मीटरला ११६ किलोवॅट येतंय धरलं आणि नळी इनकोनेलची भरीव धरली, तर ६ मिलिमीटरची नळी सेकंदाला साधारण २० डिग्री तापते, ३ ची ४०, आणि २ ची ६०. म्हणजे ५ सेकंदांत ६ ची नळी फक्त शंभरेक डिग्री वर जाईल, २ ची तीनशे. आगीला ५ सेकंदांत ओळखायचं असेल तर बारीकच नळी पाहिजे, दुसरा उपाय नाही. खऱ्या लूपच्या नळ्या एवढ्या नाजूक का असतात हे इथं कळतं. त्यात मजबुती कमी आणि वेग जास्त, हा सौदा मुद्दाम केलेला आहे. मग कंपनानं त्या तुटू नयेत म्हणून क्लॅम्पवर मेहनत घेतात.

दादा म्हणाला ठीक आहे, २ मिलिमीटर. पण वाकवताना नळीला घडी पडली तर मला सांगू नको.

१४ मार्च

आधी सोपा मार्ग बघितला. आपल्याकडे मिनरल इन्सुलेटेड केबल आहेच, इनकोनेलची शीथ म्हणजे बाहेरची नळी, आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली, दोन तारा. जंक्शन न करता तशीच ठेवली आणि तापवत मेगरनं (इन्सुलेशनचा मोठा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) दोन तारांमधला रेझिस्टन्स घेत गेलो. कमी होतो, पण ३०० डिग्रीपर्यंत तो इतका मोठा राहतो की कंट्रोलरला काही धरता येत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइड म्हणजे फारच सज्जन इन्सुलेटर. आपल्याला असा पाहिजे जो २०० पर्यंत सज्जन आणि ३०० ला बिघडणारा.

२३ मार्च

आजचा दिवस फक्त हिशेबाचा, पण सगळ्या प्रोजेक्टचं मर्म यात आहे म्हणून सविस्तर लिहिते.

लूप ४ मीटरचा आहे. १० सेंटिमीटरचे तुकडे पाडले तर ४०. हे चाळीसही तुकडे समांतर जोडलेले आहेत, कारण कुठूनही करंट मधल्या तारेतून शीथकडे जाऊ शकतो. आता थर्मिस्टरचा मसाला असा आहे धरा की दर २५ डिग्रीला रेझिस्टन्स अर्धा होतो. सगळा लूप २०० डिग्रीला असेल, म्हणजे इंजिन नुसतं गरम आहे, आग नाही, तर जो एकूण रेझिस्टन्स दिसेल तोच रेझिस्टन्स दिसायला एकट्या १० सेंटिमीटरच्या तुकड्याला ३३३ डिग्रीपर्यंत जावं लागेल, बाकी सगळं थंड धरून. कारण चाळीसपट कमी व्हायला पाचेक वेळा अर्धं व्हावं लागतं. म्हणजे कंट्रोलरला कळणारच नाही की सगळं अंग गरम आहे का एका कोपऱ्यात आग आहे. कंट्रोलरला दोन्ही सारखंच दिसणार.

आता मसाला असा घ्या की दर ५ डिग्रीला अर्धा होतो. मग तोच फरक फक्त २७ डिग्रीचा राहतो. २०० ला सगळा लूप आणि २२७ ला एक तुकडा, एवढ्या जवळ आलं की मग अलार्मचं तापमान लूप किती लांब आहे यावर अवलंबून राहत नाही. म्हणून फेनवॉलवाल्यांनी मीठ घेतलं. मिठाला हळूहळू जमत नाही, ते वितळतं म्हणजे वितळतं.

आणि किडीवाल्यांनी हळूहळू उतरणारं घेऊन त्याचाच फायदा केला, सगळं अंग गरम झालं तर ती पण बातमीच आहे, इंजिनची गरम हवेची नळी फुटली असेल तर असंच होतं. कुणाचं चूक कुणाचं बरोबर असं नाही. कुठं बसवायचं आणि काय पकडायचं यावर आहे.

७ एप्रिल

मिठाचं काम सुरू. दोन मिठं ठरावीक प्रमाणात मिसळली की मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला वितळतं, याला युटेक्टिक म्हणतात. कुल्फीवाला बर्फात खडे मीठ टाकून डबा फिरवतो आणि बर्फ शून्याच्याही खाली जाऊन वितळायला लागतो तीच गोष्ट, पोराला एवढ्यावर समजलं. सोल्डरचं ६३-३७ पण युटेक्टिकच, म्हणून ते १८३ ला झटकन वितळतं आणि झटकन गोठतं.

आम्ही पोटॅशियम नायट्रेट आणि सोडियम नायट्रेट घेतलं. वेगवेगळं असताना एक ३३४ ला वितळतं, दुसरं ३०८ ला, दोघं निम्मे-निम्मे रेणू मिसळले की २२० च्या आसपास. मामा म्हणाले पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपलं शून्य-शून्यवालं खत ना, ठिबकमधून डाळिंबाला सोडतात ते १३-००-४५. हो तेच, पण खताच्या पोत्यातलं नाही घेतलं, ते लॅबइतकं शुद्ध नसतं, लॅब ग्रेडचं आणलं. आणि नायट्रेट आगीला ऑक्सिजन देतं म्हणून कपाटात तेलाच्या चिंध्यांपासून लांब, कुलूप माझ्याकडे.

मण्यांचा घोळ झाला. थर्मोकपलचे सिरॅमिकचे मणी आपल्याकडे पोत्यानं आहेत पण ते पक्के भाजलेले, काचेसारखे, त्यात मीठ मुरतच नाही, वरच्या वर राहतं आणि थंड झालं की पापडी होऊन निघतं. कमी भाजलेले, सच्छिद्र मणी पाहिजेत. सप्लायरला फोनवर समजावून सांगायला अर्धा तास लागला, त्याला वाटलं मी मुद्दाम खराब माल मागतेय.

२० एप्रिल

बाहेर ४२, शेडच्या पत्र्याखाली विचारू नका. दुपारी लाईट गेली, मफल भट्टी निम्म्यातून थंड, मग रात्री बसलो.

मीठवाल्या तुकड्याचा ग्राफ मात्र बघण्यासारखा. २०० ला काही नाही, २१० ला काही नाही, आणि २२० च्या पुढं रेझिस्टन्स एकदम खाली, जणू कुणी स्विच दाबला. थंड केला की परत वर. परत तापवला, परत तिथंच. पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

पण एक विचित्र. साध्या मल्टिमीटरनं घेतलं की आकडा थांबतच नाही, तापमान स्थिर ठेवलं तरी रेझिस्टन्स सरकत सरकत वाढतो. तारा उलट्या लावल्या की थोडा वेळ खाली येतो आणि परत वाढतो. मीटर खराब नाही. वितळलेल्या मिठात करंट नेणारे इलेक्ट्रॉन नाहीत, आयन आहेत, ते चालत चालत एका बाजूला जाऊन गोळा होतात आणि पुढच्यांची वाट अडवतात. डीसी लावली की असं होणारच, आणि जास्त वेळ ठेवली तर तारेची पण वाट लागेल. एसी लावली, एलसीआर मीटरवर (हे एसी देऊन मोजतं) १ किलोहर्ट्झला, आकडा खिळ्यासारखा जागेवर. विमानात ४०० हर्ट्झची ११५ व्होल्टची एसी असतेच, त्यामुळे लूपला कमी व्होल्टेजची एसी देणं त्यांना सोयीचं पडलं. आम्हाला एसी तयार करणारा ऑसिलेटर करावा लागेल. एक आयसी आणि चार पार्ट, कठीण नाही.

८ मे

बर्नर तयार. प्रोपेनचा, जाळी लावून ज्योत सारखी पसरेल असा. ११०० डिग्री मोजणं आपल्याला काय अवघड नाही, जन्म गेलाय त्यात, पण ११६ किलोवॅट मोजायला वेगळं लागतं. ज्योतीवर तांब्याची नळी धरायची, आतून पाणी सोडायचं, मिनिटाला किती लिटर गेलं आणि किती डिग्री वाढली एवढं बघायचं. मिनिटाला १ लिटर पाणी १ डिग्रीनं तापलं म्हणजे ७० वॉट. त्याला नळीच्या तापलेल्या पृष्ठभागानं भागलं की मारा कळतो. दोन्ही जुळायला वेळ गेला, ज्योत ११०० दाखवते पण मारा कमी, गॅस वाढवला तर डिग्री बाहेर जाते, जाळीची उंची बदलत बसलो.

पाण्याचं सांगायचं तर मे महिना आहे, टँकर एक दिवसाआड येतोय, तांब्याच्या नळीतून गेलेलं पाणी गटारात सोडलं असतं तर मामांनी मला गेटबाहेर काढलं असतं. ड्रममध्ये घेतलं, थंड करून परत फिरवलं, आणि शेवटी लिंबाच्या झाडाला.

दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटतं आणि ज्योत आडवी होते, त्यामुळे टेस्ट सकाळी उजाडताना. मीठवाला २ मिलिमीटरचा लूप धरला. अलार्म ५ सेकंदांच्या आत आला, फार आत नाही, पण आला. दादा खूश.

आता दुसरी बाजू. नायट्रेट ६०० च्या वरती टिकत नाही हे माहीतच होतं, ते तुटतं आणि गॅस सोडतं, बघायचं हे होतं की लूप किती वेळ साथ देतो. ज्योत तशीच ठेवली. थोड्या वेळानं टोकाचं सील फट् करून उडालं. थंड झाल्यावर मोजलं तर जुनं वितळणं राहिलेलं नाही, रेझिस्टन्सचा उतार आडवातिडवा. म्हणजे पहिली आग ओळखली पण दुसरी ओळखणार नाही, आणि स्टँडर्डचं निम्मं म्हणणं तेच आहे. गंमत बघा, टायटॅनियम हायड्राइडवाल्यांचा सगळा सेन्सर गॅसवरच चालतो, आमचा त्याच गॅसनं फुटला.

२९ मे

नायट्रेट बाद. मग काय घ्यायचं?

क्लोराइड बघितलं, लिथियम-पोटॅशियमचं युटेक्टिक ३५५ ला वितळतं, ज्योतीत नायट्रेटपेक्षा कितीतरी जास्त टिकेल. पण लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं, आणि पाऊस दोन आठवड्यांवर आहे. कोरड्या बॉक्समध्ये भरायची सोय असती तर तेच केलं असतं, माझं मन अजून त्याच्याकडेच आहे.

शेवटी सिरॅमिक थर्मिस्टर. साध्या एनटीसी थर्मिस्टरमधली (तापलं की रेझिस्टन्स कमी होणारे) मँगनीज-निकेलची ऑक्साइडं ३०० च्या आसपास दमतात, त्याच्या वर काम करायचं तर ॲल्युमिनियम-क्रोमियमच्या स्पिनेल नावाच्या ऑक्साइडांकडे जावं लागतं. वितळत नाही, गॅस सोडत नाही, ज्योतीतून काढलं की परत पहिल्यासारखं. फक्त उतार मिठाइतका खडा नाही, म्हणजे मार्चमधला चाळीस तुकड्यांचा प्रश्न परत दारात. त्यावर तोडगा असा काढला की ४ मीटरचा एकच लूप न करता छोटे लूप करायचे, पुढचा थंड भागाचा वेगळा, मागचा एक्झॉस्टजवळचा वेगळा, दोघांचे अलार्म वेगळ्या डिग्रीला. तुकडे कमी झाले की तो फरक पण कमी होतो. सरांना विचारलं, त्यांना उलट आवडलं, पोरांना दोन उतार शेजारी शेजारी दाखवता येतील म्हणाले. नायट्रेटचा एक तुकडा पण मागून घेतला त्यांनी, वर्गात दाखवायला.

१७ जून

पाऊस. आणि पावसासोबत मेगरचे आकडे खाली. काल जो तुकडा ठणठणीत होता तो आज खोलीच्या तापमानाला पण गळतोय. ठासलेली पावडर टोकातून दमट हवा पिते, केशिकेसारखं पाणी आत चढत जातं. भट्टीच्या थर्मोकपलला पण हे होतं पण तिथं कुणी लक्ष देत नाही, तापला की सुकतो. इथं कंट्रोलर रेझिस्टन्सच बघतोय, ओल आणि आग त्याच्या डोळ्याला एकसारखी.

दोन गोष्टी केल्या. टोकं काच-धातूच्या सीलनं बंद, त्याआधी तुकडा भट्टीत सुकवून गरम असतानाच सील. आणि दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. किती झालं यासोबत किती वेगानं झालं हे बघायचं. शीथ चेपून तारेला टेकली तर रेझिस्टन्स एका क्षणात शून्याजवळ जातो, कुठलीही आग नळीला इतक्या झटक्यात तापवू शकत नाही, ५ मार्चचा हिशेब आहेच, २ मिलिमीटरला सेकंदाला ६० डिग्री हीच कमाल. त्यापेक्षा वेगानं पडलं तर तो शॉर्ट आहे, पिवळा दिवा, फॉल्ट. ओल असेल तर तासा-तासानं खाली येतो, तो पण पिवळा. मधल्या वेगानं आला आणि मर्यादा ओलांडली तर लाल. किडीच्या कंट्रोलरमध्ये पण हीच कल्पना आहे, शॉर्ट आणि आग यांच्यात वेगावरून फरक करतात.

पोरानं कोड लिहिला, मी मुद्दाम लूप पक्कडीनं चेपला, पिवळा लागला. ज्योत धरली, लाल. पाण्यात बुडवलेलं टोक लावलं, बराच वेळ काही नाही आणि मग पिवळा. जेवायला गेलो.

११ जुलै

कंपन. विमानात लूपचे जे खोटे अलार्म येतात त्यात आतल्या मसाल्याचा दोष कमी आणि बसवणाऱ्याचा जास्त, लूप कुठंतरी घासतो, काउलिंग म्हणजे इंजिनचं कव्हर बंद करताना चेपतो, क्लॅम्पमधला बुश झिजतो आणि नळी पत्र्याला लागते. देखभालीच्या पुस्तकांत या गोष्टींवर पानंच्या पानं आहेत, कुठं चेप चालेल, कुठं नाही, वाक किती ठेवायचा.

आपल्याकडे शेकर, म्हणजे कंपनाची टेस्ट करायचं मशीन, नाही. मामांच्या भाच्याची लातूरला डाळ मिल आहे, तिथली चाळणी हलवायची जुनी मोटर आणली, तिच्यावर प्लेट बोल्ट केली आणि लूप क्लॅम्प करून रात्रंदिवस हलत ठेवला. जेट इंजिनच्या फ्रीक्वेन्सी यात येत नाहीत हे मान्य, पण क्लॅम्पची जागा चुकीची असेल तर एवढ्यानंही समजतं. समजलं. लांब मोकळा सोडलेला तुकडा मधोमध नाचत होता आणि क्लॅम्पच्या तोंडाशी चमकदार रेघ पडली. क्लॅम्प जवळ जवळ आणले, मागच्या भागात सिलिकॉन रबरचा बुश जळतो म्हणून तिथं विणलेल्या स्टीलच्या जाळीचा.

६ ऑगस्ट

कंट्रोलरचा डबा कुठं ठेवायचा. सरांच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं की इलेक्ट्रॉनिक्सच सेन्सरला चिकटवून का ठेवत नाहीत, वायर वाचेल. साधी सिलिकॉन चिप १२५ डिग्रीपर्यंतची, त्याच्या पुढं ती स्वतःच गळायला लागते. सिलिकॉन कार्बाइडच्या चिप वेगळ्या, नासाच्या ग्लेन सेंटरनं त्या शुक्र ग्रहासारख्या हवेत, ४६० डिग्री आणि प्रचंड दाबात, ५२१ तास चालवून दाखवल्या. आपल्याला बाजारात मिळेपर्यंत मी रिटायर होईन. डबा बेंचच्या थंड टोकाला, तिथपर्यंत मिनरल इन्सुलेटेड केबल, साधी वायर नाही, कारण आगीत वायर आधी जळाली तर सेन्सर कशाला होता.

दुसऱ्यानं कॅमेऱ्याचं विचारलं. आगीतला कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपास इन्फ्रारेड सोडतो, ज्योत अतिनील पण देते, २८० नॅनोमीटरच्या खालचं सूर्याचं अतिनील जमिनीपर्यंत येत नाही म्हणून तिथं बघणारा सेन्सर उन्हाला फसत नाही. हे सगळं खरं, आणि वेगात ते लूपला मागं टाकतं. पण काच काजळली की आंधळा, आणि नळीच्या मागं लागलेली आग त्याला दिसतच नाही.

४ सप्टेंबर

बेंचवर बसवला. इंजिन चालू, केरोसीनचा वास, कानाला प्लग, सर थ्रॉटलवर. पुढचा लूप शांत. मागचा लूप गरम झाला, चढला, एका जागी थांबला, अलार्मपासून बऱ्यापैकी लांब. पूर्ण थ्रॉटलला पण तसाच. सगळे हसले, कुणीतरी पेढे आणायला निघालं.

सरांनी इंजिन बंद केलं आणि मागच्या लूपचा रेझिस्टन्स परत पडायला लागला.

इंजिन बंद, आग नाही, तरी आकडा हळूहळू अलार्मकडे सरकतोय. पोरगा धावत आला, "काय करूलालात ताई, बंद करा की ते." बंद करायला काही उरलंच नव्हतं. इंजिन चालू असताना हवा वाहत असते, केसिंग तिच्या जोरावर थंड राहतं. बंद केलं की हवा थांबते, पण आतलं टर्बाइन अजून लालबुंद, ती सगळी उष्णता बाहेर केसिंगमध्ये झिरपत येते आणि केसिंग चालू असतानापेक्षा जास्त तापतं. मोठ्या इंजिनांतही हेच होतं, त्याला सोक-बॅक म्हणतात. लाल दिवा लागला नाही, पण फार थोडक्यात लागला नाही.

म्हणजे अलार्मची डिग्री चालू इंजिनवरून ठरवून चालत नाही, बंद झाल्यानंतरच्या शिखरावरून ठरवावी लागते. आणि ते शिखर किती हे कुणी मोजलेलंच नव्हतं, बेंचच्या मॅन्युअलमध्ये एक्झॉस्टचं तापमान आहे, केसिंगचं बंद झाल्यावरचं नाही. मागच्या भागात आपले साधे के टाइप चिकटवून, इंजिन वेगवेगळ्या थ्रॉटलवरून बंद करून, अर्धा-पाऊण तास तापमान नोंदवणारा लॉगर चालू ठेवून शिखर काढायचं ठरलं. अखेर भट्टीच्या थर्मोकपललाच बोलावलं.

१५ सप्टेंबर

लॉगरचे ग्राफ आले. सगळ्यात वाईट केस पूर्ण थ्रॉटलवरून एकदम बंद करण्याची, थोडा वेळ आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, ठेवून बंद केलं तर शिखर बरंच खाली येतं. सरांना सांगितलं की बंद करण्याआधी आयडल सक्तीचं करा, इंजिनच्या बेअरिंगला पण बरं. पण अलार्म वाईट केसवरच ठेवणार, कुणीतरी घाईत कधीतरी थेट बंद करणारच.

मागचा लूप केसिंगपासून थोडा बाहेर सरकवतोय, वरच्या बाजूला, जिथून नळ्यांमधली गळती पेटली तर ज्वाळा जातील. तिथं सोक-बॅक कमी पोचतो आणि आग जास्त. अलार्मची डिग्री त्यामुळे फार वर न्यावी लागणार नाही, ५ सेकंदांचं गणित पण टिकतं.

१७ ला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, शेड बंद. त्यानंतर शेजारी दुसरा लूप टाकायचा, ए आणि बी, दोघांनी सांगितलं तरच लाल, एक बिघडला तर दुसऱ्यावर एकट्यावर. २ मिलिमीटरची नळी संपत आलीय, मुंबईच्या सप्लायरला आजच मेल केला, त्याला पण इनकोनेल ६०० लिहून दिलंय, गेल्या वेळी फोनवर सांगितलं तर ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील पाठवलं होतं.